निजवलेला इस्तू

मी गाव सोडलं त्या दिवशी म्हसवडच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या हातात एक पोतं दिलं. पोत्यात लोखंडी शेगडी होती. लग्नाला आठ दिवस झाले होते. नवऱ्याला सांगलीला फाउंड्रीत नोकरी होती आणि विश्रामबागेच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली होती. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक वळकटी आणि ही शेगडी. कंडक्टरनं पोतं चाचपून बघितलं.

"ताई, पेटती न्हाई न्हवं?"

"पेटती देता आली आस्ती तर लय बरं झालं आस्तं," आई म्हणाली. "पर तुमी गाडीत घेनार न्हाई."

मग खिडकीशी येऊन मला म्हणाली, "सुमे, घरात इस्तू ठेव. ज्या घरात इस्तू न्हाई, त्या घरात मानूस न्हाई."

ती रडली नाही, मीही रडले नाही. मेंढरं घेऊन चार-चार महिने घराबाहेर राहणाऱ्यांत वाढलेली माणसं आम्ही. कुणी निघालं की रडायचं ठरवलं असतं तर दुसरं काही कामच झालं नसतं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखं सांगली, कराड, पुणे, नाहीतर त्याहून लांब गेलेल्यांसाठीही. आठवणी काढत बसायची मला हौस नाही. पण थंडी तोंडावर आली आहे. तुमच्यातल्या कुणाची तरी लेक बाळंतपणाला माहेरी येणार असेल. म्हणून लिहायला बसले.

विस्तवाला आमच्या घरी इस्तू म्हणत. आणि इस्तू कधी कुणी विझवत नसे. 'विझव' हा शब्दच आईला चालायचा नाही. जेवणं झाली की ती चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढायची आणि म्हणायची, "इस्तू निजवला." सकाळी राख सारून फुंकर मारली की तो उठायचा. पोरं निजायची, मेंढरं निजायची, तसा इस्तूही निजायचा. त्या घराला दगडमातीच्या भिंती होत्या आणि वर पत्रा. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. थंडीत त्या फटीतून असा वारा यायचा की गोधडीतही दात वाजायचे. धूर मात्र आपला आपण निघून जायचा. त्याला वाट दाखवावी लागत नसे.

सांगलीत शेगडी एकदाही पेटली नाही. गॅस होता. शेगडीत मी कांदे ठेवायला लागले. आई आली की पहिल्यांदा त्या कांद्यांकडे बघायची आणि मान हलवायची. "गॅसचा जाळ काय जाळ? काडी ओढली की आला, खुटी फिरवली की गेला. त्याला ना निखारा ना राख."

पुढं मी शाळेच्या गणवेशांचं शिलाईचं दुकान काढलं. सात वर्षांपूर्वी आम्ही कुपवाडच्या बाजूला घर बांधलं. बांधताना मी एकच गोष्ट गवंड्याला बजावली होती : वारा, धूळ आणि डास आत येता कामा नयेत. खिडक्यांना सरकत्या काचा, काचांना रबर, पत्र्याऐवजी स्लॅब. दार लावलं की बाहेरच्या रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू यायचा नाही. मला त्या घराचा अभिमान होता. गारठ्यात काढलेल्या सगळ्या रात्रींचा मी काचा लावून सूड घेतला होता म्हणा.

गेल्या जानेवारीत माझी लेक अश्विनी, आईची आशी, बाळंत झाली. मुलगी झाली. आई तिला न्हाऊमाखू घालायला गावाहून आली आणि आल्या आल्या तिनं अश्विनीचा पलंग नाकारला.

"ह्यो पेटीचा पलंग. ह्याच्या खाली काय सरकवायचं?"

"काही सरकवायचं नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी धुरी नको म्हणून सांगितलंय. बाळाच्या छातीत धूर जातो."

"बरं, धूर नगं तर नगं. पर खाट तर दे."

गच्चीवरची लोखंडी खाट खाली आणली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. ओवा टाकायचा, कंबर शेकायची. आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं केलं. मी तिला तव्यावर कापड तापवून शेक द्यायला सांगितलं. तिनं ते केलं, पण तोंड वाकडं करून. घरात निखारा नव्हता, म्हणून गोष्ट तिथंच थांबली.

मग सोळाव्या दिवशी जावई निखारा घेऊन आले.

रोहित पुण्यात नोकरी करतात. मध्ये दोन वर्षं परदेशात होते आणि तिथून परसात मांस शिजवायचं वेड घेऊन आले. गाडीच्या डिकीतून त्यांनी एक मोठं खोकं उतरवलं. "मम्मी, चारकोल स्मोकर," म्हणाले. दोन तास पाना घेऊन ते जोडत बसले. मला यंत्रं कळतात. शिलाईची चार मशीनं मी स्वतः उघडून दुरुस्त करते, म्हणून मी शेजारी उभी राहून बघितलं. पत्रा जाड, जोड चांगले. एक पिंप आडवं ठेवल्यासारखं, बाजूला कोळशाची छोटी पेटी, वर धुराडं, झाकणावर घड्याळासारखा उष्णतेचा काटा. हवा आत घ्यायला एक सरकती झडप, बाहेर सोडायला दुसरी. दोन्ही झडपांवर सगळा खेळ. हवा कमी केली की कोळसा जळत नाही, नुसता धुमसतो. तसाच सहा-सात तास.

खोक्यात एक पुस्तिका होती. कागद वाचल्याशिवाय मी साधा मिक्सरही लावत नाही. पहिल्याच पानावर एक चित्र होतं. एक घर, घरात ते पिंप आणि त्या घरावर तांबडी फुली.

"हे काय?" मी विचारलं.

"ते तिकडच्या लोकांसाठी हो," रोहित म्हणाले. "थंडीत गॅरेजात लावतात येडे."

"काय लिवलंय गं?" आईनं पायरीवरून विचारलं.

"घरात न्यायचं न्हाई म्हणून लिवलंय."

"एवढं धूड घरात न्यायला मानसाला खूळ लागलंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. घरावर मारलेली ती फुली मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भिंतीवर कुणी खडूनं काही लिहून ठेवावं आणि आपल्याला ते वाचता येऊ नये, तसं झालं.

पहिल्या दिवशी ते पिंप तेल चोळून रिकामंच तापवायचं असतं. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. रंग तापल्याचा उग्र वास सुटला आणि काळा धूर वर न जाता परसाच्या भिंतीला चिकटून राहिला. शेवग्याखाली ऊन खात पडणारी मांजर उठून गेली. तासाभरानं धूर थांबला. झाकण बंद, काटा चढलेला, आत लाल निखारे, पण बाहेर काही दिसेना. मी धुराड्यावर हात धरला आणि चटकन मागं घेतला. चुलीजवळ वाढलेली बाई मी. जाळ आहे आणि धूर नाही, हे मला बरं वाटलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आई मात्र त्या यंत्रावर खूश झाली. रोहितनी संध्याकाळी दोन्ही झडपा सरकवून बंद केल्या आणि सांगितलं, "आज्जी, आता आतला कोळसा शिल्लक राहतो. उद्या परत चालतो."

"म्हंजे निजवला की!" आईनं टाळी वाजवली. "सुमे, ह्या लोकास्नीबी इस्तू निजवायचं ठावं हाय."

दोन दिवसांनी, अठराव्या दिवशी, रोहितनी बकऱ्याची मांडी लावली. कांदा-लसूण मसाला, वर बाभळीच्या ढलप्यांचा धूर. सकाळी सातला सुरुवात.

"आवं पावनं, किती वाजता जेवायचं?"

"सहा तास तरी लागतील, आज्जी."

"सा तास? तवर बकरं उठून कळपात जाईल की वो."

त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली. मी स्वयंपाकघरात गेले तर कांदे ओट्यावर कागद पसरून त्यावर ओतलेले होते. मी मनात म्हटलं, आईला कांदे वाळवायचे असतील. पुढं विचार केला नाही. दुकानात गणवेशांची घाई होती. मांडी एक वाजता निघाली. चांगली झाली होती, हाडापासून सुटलेली. चव मात्र पाहुण्यासारखी, ओळख नसलेली. जेवले आणि दुकानात गेले. रोहित वरच्या खोलीत आडवे झाले. यांची फाउंड्रीत पाळी होती.

तीनच्या सुमारास मी अश्विनीला फोन केला. आईनं उचलला. आवाज जड होता. म्हटलं, जेवणाची सुस्ती असेल.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. समदं निजवलंय. आशी निजली, लेकरू निजवलं, इस्तूबी निजवला. मीबी पडते आता. डोस्कं जड झालंय मटणानं. तू ये निवांत."

मी फोन ठेवला आणि पुन्हा कात्री घेतली. रोहितनी झडपा बंद केल्या असतील, आई त्याला निजवणं म्हणते, असं मनात आलं. दोन कॉलर कापल्या. तिसऱ्या कॉलरला कात्री थांबली.

आई म्हणाली होती, इस्तू निजवला. रोहितनी नाही, तिनं. त्या झडपांना आई हात लावत नव्हती, तिला त्या कळत नव्हत्या. निजवायला तिला राख लागते आणि एखादं भांडं लागतं.

ओट्यावर ओतलेले शेगडीतले कांदे मला दिसले.

त्याच क्षणी मला आणखी काहीतरी दिसलं. ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. पौषातला गारठा होता, नुकती जन्मलेली कोकरं आबांनी, माझ्या वडिलांनी, घरामागच्या खोलीत ठेवली होती आणि उबेला घमेल्यात राखेखाली इस्तू. झरोक्यातून वारा येत होता. कोकरं थरथरत होती. मला त्यांची दया आली. मी एक पोतं घेतलं, घडी केली आणि झरोक्यात घट्ट कोंबलं. पहाटे दार उघडलं तेव्हा आठ कोकरं मेली होती. अंगावर ओरखडा नाही, रक्त नाही. "निजल्यावानी दिसत्यात," आई म्हणाली. दाराच्या फटीशी पडलेलं एकच जगलं. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली.  आबांनी आधी झरोक्यातलं पोतं उपसून काढलं आणि मग कोकरांकडे बघितलं. दुपारी सिद्धनाथाला नारळ दिला. त्या उन्हाळ्यात तो झरोका फोडून दुप्पट मोठा केला.

मी अश्विनीला फोन लावला. वाजत राहिला. रोहितना लावला. त्यांचाही वाजत राहिला. स्कूटर काढली. कुपवाडचा रस्ता मला पाठ आहे, तरी त्या दिवशी प्रत्येक चौक नवा वाटला. दुपारचं लख्ख ऊन होतं, माणसं रसाच्या गाड्यावर उभी होती, कुणाला कसली घाई नव्हती.

घर नेहमीसारखं शांत होतं. सात वर्षं मी त्या शांततेचं कौतुक करत आले होते. परसात पिंपाचं झाकण उघडं, कोळशाची पेटी अर्धी रिकामी आणि पायरीवर चिमटा. बाळंतिणीच्या खोलीचं दार आत ढकलायला लागले तर ते अडलं. खालच्या फटीत आतून चादर कोंबलेली होती. बाळाला वारा लागू नये म्हणून.

मी खांद्यानं दार लोटलं. खोलीत धूर नव्हता. भाजलेल्या ओव्याचा वास होता आणि छान ऊब होती. काचा बंद, पडदे ओढलेले. खाटेवर अश्विनी, तिच्या कुशीत बाळ, खाली चटईवर भिंतीला टेकलेली आई. तिघी गाढ झोपलेल्या. खाटेखाली माझी शेगडी, तिच्यावर राखेचा मऊ राखाडी थर, हातानं सारवल्यासारखा नीटनेटका. बाळाचे गाल गुलाबी होते. जन्मली तेव्हाही ती एवढी गुलाबी नव्हती.

मी बाळाला उचललं. मान लटकली. धावत परसात आणलं, रोहितच्या नावानं किंचाळले आणि बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत राहिले. एक, दोन, पाच. किती ते माहीत नाही. वरून रोहित धावत आले. "अश्विनीला बाहेर काढा, काचा उघडा, आईला ओढा," मी ओरडले. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचं मी कायम लक्षात ठेवीन. मग बाळानं तोंड वाकडं केलं. आवाज आला नाही. पुन्हा वाकडं केलं आणि रडलं. मांजराच्या पिलासारखं, बारीक. तेवढं मला पुरलं.

अश्विनी ओकली आणि मला ओळखलं. आई ओळखत नव्हती. गाडीत माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. दवाखान्यापर्यंत मी तिला हाका मारत होते आणि ती झोपेत कुणाला तरी कोकरं आत घ्यायला सांगत होती.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "खोलीत धूर होता का?"

"अजिबात नव्हता."

"धूर असता तर खोकला येऊन जाग आली असती," ती म्हणाली. "बंद खोलीत कोळशातून जो विषारी वायू सुटतो, त्याला वास नाही, रंग नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. मला ते पुरं करून नको होतं.

हे फाउंड्रीतून धावत आले. सगळं ऐकून घेतलं. "आम्हाला तर कामावर पहिल्याच दिवशी शिकवतात," म्हणाले. "कोंदट जागेत कोळसा जळता ठेवायचा नाही."

"मग एवढ्या वर्षांत घरी का नाही बोललात?"

"घरात कोण भट्टी लावतंय, म्हटलं."

म्हणजे यांना माहीत होतं. पुस्तिकेला माहीत होतं. आबांना तर नक्कीच माहीत होतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी आपापल्या जागी ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शुद्धीवर नीट आली. तोंडावरचा मास्क बाजूला ओढून तिनं विचारलं, "पोरगी?"

"हाय. दूध प्याली."

"आशी?"

"तीबी बरी हाय. मास्क लाव."

तिनं लावला नाही.  "तू धूर नगं म्हनलीस. म्हनून मी धूर केलाच न्हाई गं. चांगला निजवून ठिवला."

मी तिची समजूत काढली नाही. काढली असती तर तिला पटली नसती.  मग ती उठून बसली. चेहरा बदलला होता.

"सुमे. म्हंजे ती कोकरंबी?"

"व्हय."

"नजर न्हवती ती."

"न्हवती."

"झरोक्यात पोतं हुतं. तुझं आबा म्हनलं, मांजरानं वढलं आसंल." ती माझ्याकडे बघत होती. "मांजार पोतं कसं कोंबंल गं?"

"मी कोंबलं होतं, आई."

चाळीस वर्षं जे दडवून ठेवलं होतं ते चार शब्दांत बाहेर आलं.  तिनं माझा हात ओढून घेतला आणि तळवा उलटा करून बघितला, लहानपणी मळलेला हात तपासायची तसा.

"आबांनी तुला झाकलं," ती म्हणाली. "बरं केलं. पर मला तरी सांगायचं हुतं."

मी हे लिहितेय ते एवढ्यासाठी. आबांनी माझ्यावर राख ओढली, मायेनंच ओढली. पण निजवलेली गोष्ट विझलेली नसते.

रोहित तो स्मोकर विकायला निघाले होते. मी विकू दिला नाही. त्याचा काही दोष नाही. चांगलं यंत्र आहे. परसाच्या पार टोकाला, उघड्यावर ठेवलंय. दिवाळीत पुन्हा मांडी लावली आणि ती निघेपर्यंत मी खुर्ची टाकून शेजारी बसले. शेवटी निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं. आमच्या घरात इस्तू विझवायचं हे पहिलंच. चर्र आवाज झाला आणि आईनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

दुसरी गोष्ट. गवंड्याला बोलावून बाळंतिणीच्या खोलीत छताखाली भिंत फोडायला सांगितली. हात जाईल एवढी फट, काच नाही, नुसती जाळी. "मॅडम, एवढ्या चांगल्या भिंतीला भोक?" तो म्हणाला. तुम्हीही तुमची नवी घरं बघा. गाव सोडताना आपण वारा गावातच ठेवून आलो आणि वर त्याचं कौतुक केलं. शेगड्या मात्र बरोबर आणल्या. घर म्हणजे ऊब, असं मी सांगलीला आले तेव्हा समजत होते. आता माझ्या हिशेबात घर म्हणजे ती फट.

आई गेल्या आठवड्यात पुन्हा आली. नात आता उभी राहते, तिनं दारातच पदर धरला. आईनं तिला कडेवर घेतलं, चप्पल न काढताच खोलीत गेली आणि हात उंच करून त्या भोकाखाली धरला. थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"येतोय," म्हणाली. मग खाटेवर टेकली.